एका खुर्चीचा दवाखाना

अजिंठ्याची लेणी १० डिसेंबर २०२० रोजी प्रवाशांसाठी पुन्हा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे आली. सकाळच्या सत्रात एक हजार आणि दुपारच्या सत्रात एक हजार माणसांनाच प्रवेश, तोंडाला मास्क, दारात तापमान मोजणारे यंत्र, असा सगळा थाट होता. मार्चच्या मध्याला बंद झालेली लेणी जवळजवळ नऊ महिन्यांनी उघडत होती, त्यामुळे ती बातमीच होती. लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापुरात ते नऊ महिने कसे गेले, याची छायाचित्रे मात्र कोणी काढली नाहीत. स्फटिकाचे रंगीत दगड विकणारे, डोली वाहणारे, गाइड, हॉटेलातले आचारी आणि पोरे, रसवंतीवाले, या सर्वांचे पोट त्या घोड्याच्या नालेसारख्या डोंगरावर अवलंबून. डोंगर बंद झाला की चूल बंद. पण चूल बंद झाली म्हणून दाढ दुखायची थांबत नाही. तिला टाळेबंदीचा आदेश लागू होत नाही.

महासाथीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ऑक्सिजनवर, रेमडेसिव्हिरवर, रुग्णालयातल्या खाटांवर, पायी निघालेल्या मजुरांवर लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. दाताच्या डॉक्टरविषयी कोणी फारसे लिहिले नाही. तसे पाहिले तर अडचण त्याचीच सर्वांत विचित्र होती. साऱ्या जगाला तोंड झाकायला सांगितले जात होते आणि याचा धंदा तर समोरच्याने तोंड उघडल्याशिवाय सुरूच होत नाही! हा दवाखाना पुन्हा सुरक्षितपणे कसा उघडायचा, या प्रश्नात विज्ञान किती होते आणि पैसा किती होता, हे आज थोडे निवांतपणे पाहायला हरकत नसावी. मी डॉक्टर नाही. माझी हयात बँकेत गेली, आणि दवाखान्यांची कर्जप्रकरणे मंजूर करणे हा त्या नोकरीचा एक भाग होता.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. आकडा समोर आला की त्याच्यामागे माणूस उभा केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून फर्दापूरला टी पॉइंटच्या आसपास आपण एक काल्पनिक दवाखाना उघडू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. मधोमध एक खुर्ची, मागच्या बोळात कॉम्प्रेसर, पुढच्या ओट्यावर रुग्णांसाठी बाकडे, मदतीला गावातलीच एक मुलगी. डॉक्टर तरुण आहे. खुर्ची, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह यांसाठी घेतलेल्या कर्जाचे आठ लाख रुपये अजून फिटायचे आहेत. येणारे रुग्ण सोयगाव तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरचे. मोठा उपचार करायचा तर जळगाव साठेक किलोमीटर आणि तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, शंभरेक किलोमीटर. तो रस्ताही त्या वर्षांत ठिकठिकाणी खणून ठेवलेला. म्हणजे या एका खुर्चीला पर्याय नाही. ती बंद म्हणजे पंचक्रोशीतल्या दाढा रामभरोसे.

ही खुर्ची बंद का झाली? दात कोरण्याचे यंत्र, ज्याला डॉक्टर मंडळी एअरोटर म्हणतात, ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून त्याच्या टोकाशी पाण्याचा बारीक फवारा सोडलेला असतो. फिरणारे टोक, पाणी, हवा आणि रुग्णाची लाळ यांचे मिळून जे धुके तयार होते, ते खोलीत तरंगत राहते. ज्याच्या तोंडात विषाणू आहे त्याचा दात कोरला तर काय होईल, या नुसत्या कल्पनेने २०२० च्या मार्चमध्ये जगभरचे दंतवैद्य हादरले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच महिन्यात कोणत्या व्यवसायाला किती धोका आहे याचा एक तक्ता छापला होता. त्यात दंतवैद्य आणि त्यांचे सहायक अगदी वरच्या टोकाला होते. तो तक्ता मोबाइलवरून गावोगाव फिरला. भीती नेहमीच औषधाच्या पुढे पळते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची दंतवैद्यांसाठीची मार्गदर्शक सूचना आली ती १९ मे २०२० रोजी. प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंद, लाल विभागात फक्त तातडीचे उपचार, नारंगी आणि हिरव्या विभागात तातडीचे आणि निकडीचे. बाकी दात स्वच्छ करणे, कवळी बसवणे, वाकडे दात सरळ करणे वगैरे सारे पुढे ढकला. आता फर्दापूर कोणत्या विभागात? ३० एप्रिलच्या यादीत औरंगाबाद आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे लाल होते, आणि फर्दापूर तर या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत. पुढे १९ मेच्याच राज्याच्या आदेशाने लाल विभाग मुख्यतः महापालिकांपुरता राहिला आणि २२ मेपासून ग्रामीण भागाचा रंग बदलला. आपल्या डॉक्टरने सोमवारी एक कागद वाचायचा आणि शुक्रवारी दुसरा. सरकारी कागद वाचून अर्थ लावण्याची विद्या दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नसते. ती आम्ही बँकवाल्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांवर कमावलेली असते.

मात्र त्या सूचनेविषयी एक गोष्ट मनापासून सांगितली पाहिजे. ती शहाणी होती. रुग्णाला आधी फोनवर विचारा, एका वेळी एकालाच बोलवा, काम सुरू करण्याआधी पोव्हिडोन आयोडीनने चूळ भरायला द्या, दाताभोवती रबराचा पडदा बसवा, लाळ ओढून घेणारी जोरदार नळी वापरा, पृष्ठभाग हायपोक्लोराइटने पुसा, हे तर तीत होतेच. त्याखेरीज तीत हवेचा विचार होता. खिडक्या उघड्या ठेवा. काम चालू असताना छताचा पंखा लावू नका. डॉक्टरच्या पाठीमागे टेबलपंखा ठेवा आणि समोर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, म्हणजे वारा एकाच दिशेने, रुग्णाकडून बाहेर जाईल. त्या दिवसांत जागतिक आरोग्य संघटना हा रोग हवेतून पसरतो असे म्हणायला चाचरत होती. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना त्यासाठी जाहीर पत्र लिहावे लागले. सामान्य माणूस भाजी धुण्यात आणि दाराच्या कड्या पुसण्यात गुंतला होता. आणि इथे एका सरकारी कागदात टेबलपंखा कुठे ठेवायचा ते लिहिलेले होते.

अजिंठ्याच्या पायथ्याच्या माणसाला हवेची ही गोष्ट परकी वाटायला नको होती. टी पॉइंटवर आपली गाडी सोडून बसने पुढे जावे लागते, ते गाड्यांच्या धुराने चित्रांना इजा होऊ नये म्हणून. चित्रांच्या लेण्यांत माणसांना तुकड्यातुकड्यांनी आत सोडायचे, तेही माणसांच्या श्वासातला दमटपणा दीड हजार वर्षांच्या रंगांना सोसत नाही म्हणून. (गर्दीच्या दिवशी हा नियम किती पाळला जातो, तो प्रश्न वेगळा.) बंदिस्त जागेत किती माणसांनी किती वेळ श्वास घ्यावा, याचा हिशेब या डोंगरात महासाथीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. जाता जाता सांगतो, या लेण्यांत राहून गेलेल्या भिक्षूंना दातवण वापरण्याचाही नियम होता. विनयपिटकात दातवण केल्याचे पाच लाभ दिलेले आहेत, आणि दातवण आठ बोटांहून लांब नसावे असेही बजावले आहे. तेव्हा दात आणि श्वास हे दोन्ही विषय तसे या परिसराचेच.

आता हिशेब करू. आपली खोली १२०० घनफुटांची, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तिच्यातली हवा तासाला बारा वेळा बदलायची तर तासाला चारशेहून थोडी अधिक घनमीटर हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. असे पंखे बाजारात मिळतात, त्याला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा एक जुना तक्ता आहे. त्यानुसार तासाला बारा वेळा हवा बदलली तर हवेतले नव्व्याण्णव टक्के कण २३ मिनिटांत आणि ९९.९ टक्के कण ३५ मिनिटांत बाहेर जातात. हाच वेग तासाला दोन वेळांचा असेल, म्हणजे दारे-खिडक्या लावून आत गारवा करणारे यंत्र चालू असेल, तर नव्व्याण्णव टक्क्यांनाच १३८ मिनिटे लागतात. एका भोकाने आणि एका पंख्याने सव्वादोन तासांचे तेवीस मिनिटांवर आणता येते. सुरक्षित उघडण्याच्या शास्त्राचा अर्धा भाग मला तरी या दोन आकड्यांत सापडला.

दुसरा भाग त्याच आकड्यांत लपलेला आहे आणि तो बँकेच्या माणसाला आधी दिसतो. अर्ध्या तासाचे काम आणि मग पस्तीस मिनिटे खोली रिकामी. पूर्वी सहा तासांत बारा रुग्ण पाहणारा डॉक्टर आता पाच पाहणार. कर्ज मंजूर करताना आम्ही विचारायचो, यंत्र दिवसाचे किती तास चालेल? रिकामे यंत्र म्हणजे तोटा. आणि इथे तर खुर्ची रिकामी ठेवणे हीच सुरक्षितता! उत्पन्न निम्म्याहून खाली. खर्च मात्र वर. पीपीई किट, मास्क, चेहऱ्यावरची ढाल, जंतुनाशक. एन-९५ मास्कच्या किमतीला राज्य सरकारने लगाम घातला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, १९ ते ४९ रुपये असा. तोवर ज्याच्याकडे माल त्याचा भाव. हा खर्च डॉक्टरने रुग्णाच्या बिलात टाकायचा म्हटले, तर बाकड्यावर बसलेला रुग्ण कोण? ज्याचा डोंगर बंद आहे तो. शहरात ‘कोविड शुल्क’ म्हणून पाचशे रुपये जादा लावता आले असतील. फर्दापुरात ते मागायचे कोणाकडे, डोलीवाल्याकडे? लेणी उघडली डिसेंबरात, २०२१ च्या वसंतात पुन्हा बंद झाली, ती उघडायला जूनचा मध्य उजाडला. नियमित आंतरराष्ट्रीय विमाने तर २७ मार्च २०२२ पर्यंत सुरू झाली नव्हती. दवाखान्याचे दार उघडले तरी गावाचे दार बंदच होते.

मदत झाली नाही का? झाली, आणि तिचे हिशेब माझ्या ओळखीचे आहेत. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलायला परवानगी दिली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. आपल्या डॉक्टरच्या आठ लाखांवर अकरा टक्के दर धरला तर सहा महिन्यांचे सरळ व्याज होते ४४ हजार रुपये. पुढे व्याजावरच्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला, सरकारने चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत दिला. या खात्यावर तो फरक किती भरतो? हजार रुपये आणि वर थोडी चिल्लर. त्या हजाराची महिनोन्‌महिने चर्चा झाली. ४४ हजारांबद्दल कोणी बोलले नाही. सरकारी हमीची आपत्कालीन कर्जयोजना मे २०२० मध्ये आली. थकीत कर्जाच्या वीस टक्के, म्हणजे याला एक लाख साठ हजार मिळू शकले असते. पण स्वतःच्या नावावर व्यवसायासाठी कर्ज घेतलेले डॉक्टर त्या योजनेत बसायला ऑगस्ट उजाडला. मे २०२१ मध्ये त्याच योजनेत रुग्णालये, दवाखाने यांना ऑक्सिजन निर्मितीचा प्रकल्प बसवण्यासाठी दोन कोटींपर्यंत कर्जाला पूर्ण हमी देण्यात आली, व्याज साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ऑक्सिजनची निकड होती, त्यात वाद नाही. पण भिंतीला भोक पाडून पंखा बसवायला आणि पस्तीस मिनिटे रिकाम्या जाणाऱ्या खुर्चीला कुठल्याच योजनेत रकाना नव्हता. रकाना नसेल ती गोष्ट बँकेच्या लेखी अस्तित्वातच नसते, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मग अशा दवाखान्याने करायचे काय? इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, जिथे वीज नाही अशा ठिकाणांसाठी, दात भरण्याची एक पद्धत विकसित झाली. किडलेला मऊ भाग हाताच्या छोट्या हत्याराने खरवडून काढायचा आणि ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरायचे. यंत्र नाही, फवारा नाही, बहुतेक वेळा सुईसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. तरी शहरी दवाखान्यांनी तिच्याकडे गरिबांची पद्धत म्हणूनच पाहिले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच संघटनेने दंतोपचारांसाठी जी सूचना काढली, तीत नुसत्या हातांच्या हत्यारांनी होणाऱ्या कामांना पहिली पसंती होती. धुकेच निर्माण झाले नाही तर ते बाहेर जायची वाट कशाला पाहायची? चिमट्याने दाढ काढणे, हाताने दात खरवडणे, हाताने भरणे एवढ्यावर फर्दापूरच्या दवाखान्याचे बरेचसे काम निभावते. एअरोटर लागेल ते रुग्ण दिवसाच्या शेवटी घ्यायचे, म्हणजे खोली रात्रभर आपोआप मोकळी होते. (भारनियमनाचाही असा एक फायदा. वीज गेली की हवा फेकणारा पंखा बंद पडतो खरा, पण कॉम्प्रेसरही बंद पडतो!) मे महिन्यात बेचाळीस अंशांत, छताचा पंखा बंद ठेवून, प्लॅस्टिकच्या पोशाखात उभे राहून हे करणाऱ्या माणसाच्या अंगाचे काय होत असेल, ते कागदावर येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनेत, साथ फैलावलेल्या भागात नेहमीचे दंतोपचार पुढे ढकलावेत असाही सल्ला होता, आणि अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने तो जाहीरपणे अमान्य केला. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. ‘पुढे ढकला’ हा शब्द ज्याला पुढची तारीख मिळते त्याच्यासाठी असतो. आपल्याकडे बायका तव्यावर तंबाखू भाजून तिची मिश्री दाताला लावतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे तो दुकानाच्या दर्शनी भागात नसतो इतकेच. गालाच्या आत उठलेला पांढरा चट्टा दुखत नाही. तो नेहमीच्या तपासणीतच, दुसऱ्याच कामासाठी तोंड उघडल्यावर, डॉक्टरच्या नजरेला पडतो. ती नेहमीची तपासणी सहा-आठ महिने पुढे गेली की काय होते, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस आला, लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. कोविडमधून उठलेला, साखर वाढलेला, स्टेरॉइड दिलेला माणूस. वरच्या जबड्यातले दात अचानक हलायला लागतात, टाळूचा रंग बदलतो, गाल बधिर होतो. हे पहिल्यांदा कोणाला दिसणार? दाताच्या डॉक्टरला. त्याने ओळखून त्याच दिवशी शहरात घाटीला पाठवले तर जबडा, डोळा आणि जीव वाचण्याची आशा. त्या वेळी ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते, सरकारने उपचार महात्मा फुले योजनेत आणले होते. पण हलणारा दात ज्याला दाखवायचा त्याचेच दार बंद असेल तर पुढची सगळी व्यवस्था एक आठवडा उशिरा सुरू होते. त्या रोगात आठवडा फार झाला.

आणि एवढे भय बाळगले, ते खरे ठरले का? अमेरिकेत जून २०२० मध्ये सुमारे २,२०० दंतवैद्यांची पाहणी झाली. कोविड झालेले किंवा बहुधा झालेले शंभरात एकाहूनही कमी निघाले. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२१ मध्ये त्या धुक्यातल्या जंतूंचा माग काढला, तेव्हा त्यांचा मोठा वाटा यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा होता, लाळेचा अगदी थोडा. म्हणजे तक्त्यात वरच्या टोकाला बसवलेला माणूस प्रत्यक्षात बऱ्यापैकी सुरक्षित राहिला. यावरून भीती खोटी होती असे म्हणणारे म्हणतात. मला ते पटत नाही. मास्क, रबराचा पडदा, ओढनळी आणि उघडी खिडकी असताना काढलेला हा आकडा आहे. ती पाहणीही अमेरिकेतली आणि साथीच्या पहिल्या महिन्यांतली. धरण बांधल्यावर पूर आला नाही, म्हणून धरण फुकट गेले असे कोणी म्हणत नाही.

अशीच एक भीती या व्यवसायाने याआधी पचवली आहे. आमच्या पिढीच्या तोंडात दंतवैद्याची उघडी बोटे फिरलेली आहेत. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याकडून रुग्णाला एड्सची लागण झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि जगभर खळबळ उडाली. त्या दशकात हातमोजे सार्वत्रिक झाले, उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये उकडून निघू लागली. ती भीती ओसरली, हातमोजे राहिले. आज हातमोजे न घालणाऱ्या डॉक्टरसमोर आडगावचा रुग्णही तोंड उघडणार नाही. पण २०२० ने दिलेली खिडकी राहिली का? मी जिथे जिथे जातो तिथे जरा वर पाहतो. खुर्चीच्या समोर भिंतीत पंखा आहे, त्याच्या पात्यांवर धूळ आहे, काही ठिकाणी भोकाला पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारलेली आहे, कारण आतला गारवा बाहेर जातो. हातमोजा रुग्णाला दिसतो. हवा दिसत नाही, आणि रुग्ण तिच्याबद्दल विचारत नाही. विजेचे बिल मात्र दिसते.

कोविड गेला, असे आपण म्हणतो. क्षय कुठे गेला आहे? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि तो रोग तर शुद्ध हवेतूनच पसरणारा. त्यातले किती जण आपल्याला क्षय आहे हे ठाऊक नसताना दाढ दाखवायला येत असतील! रबराचा पडदा आणि हातमोजे त्याच्या खोकल्यापुढे काय करणार? त्याच्यासाठी तेच गणित लागू आहे, तासाला बारा वेळा.

बँकेच्या कर्जाच्या अर्जात दवाखान्याविषयी आम्ही बरेच काही विचारायचो. पदवी, नोंदणी क्रमांक, भाडेकरार, यंत्राचे दरपत्रक, तारण, जामीनदार. खुर्ची ज्या खोलीत बसणार तिला समोरासमोर दोन झरोके आहेत काय, आणि हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याची किंमत दरपत्रकात धरली आहे काय, एवढे दोन प्रश्न त्यात घालायला परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही, शाखाधिकाऱ्याने मनावर घेतले तरी पुरे. आठ लाखांच्या प्रकरणात पाच-सात हजारांनी काही बिघडत नाही, आणि खोली भाड्याची असेल तर घरमालकाची भिंत फोडायची लेखी परवानगी करारातच घेऊन ठेवावी. नंतर तो देत नाही.